संगणकातून ‘टक-टक’ येतेय? आधी फाइली कॉपी करा

खडकी (पुणे) : खडकीजवळच्या पुणे विद्यापीठ आवारातील सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. महासंगणक असो की गावातल्या सेवा केंद्रातला साधा पीसी, काम सुरू झालं की तो तापतोच. उष्णता बाहेर फेकायला पंखा लागतो. घरघर बहुतेक वेळा त्याचीच. धूळ बसली की ती वाढते. प्लग काढून ब्रशने झाडून घ्या.

खरी काळजी ‘टक-टक’ची. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. माहिती वाचणारं हेड तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. त्याला जागा सापडेना की ते पुन्हा पुन्हा मागे येतं, तोच हा आवाज. हलकी करकर नेहमीचीच. पण एका तालात टक-टक सुरू झाली, तर डिस्क कधीही बसू शकते. दूध संस्थेचा हिशेब, लग्नाचे फोटो, जे महत्त्वाचं ते लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. ‘बंद करून परत चालू करू’ हा गावठी इलाज इथे महागात पडतो.

नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती जाते तेव्हा आवाजही करत नाही, त्यामुळे तिथली कॉपी आधीच काढून ठेवलेली बरी.