कावीळ खरंच डोक्यात चढते का?

सिरोसिसचा, म्हणजे यकृत कायमचं खराब झालेला रुग्ण रात्रभर जागा राहतो, दिवसभर पेंगतो. मग असंबद्ध बोलू लागतो, सदऱ्याची बटणं लावताना चाचपडतो. हात पुढे करून पंजे ताठ ठेवायला सांगितले की ते फडफडतात. डॉक्टर याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. घरात मात्र वेगळेच तर्क सुरू होतात.

गैरसमज : कावीळ मेंदूत गेली.

वस्तुस्थिती : ही भीती खरी आहे ती नवजात बाळांसाठी. त्यांच्यात फार वाढलेलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, मेंदूत शिरून कायमची इजा करू शकतं, म्हणून तर त्यांना निळ्या दिव्याखाली ठेवतात. मोठ्या माणसात मुख्य आरोपी असतो अमोनिया. आतड्यातले जंतू आणि आतड्याच्या पेशी तो रोज तयार करतात. निरोगी यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. सिरोसिसमध्ये काम करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. शिवाय आतड्याकडून येणारं बरंच रक्त नव्या आडवाटांनी यकृताला वळसा घालून जातं, त्यामुळे अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो.

तिथे अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्याला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवतात. ग्लुटामिन साठलं की पाणी ओढतं आणि पेशी फुगतात. त्यातच ‘गाबा’ या मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढतो, म्हणून ती सुस्ती. अंगात जंतुसंसर्ग असेल तर अमोनियाचा मारा आणखी बोचतो. सिरोसिसमध्ये हे सगळं संथपणे चालतं. पण तीव्र हिपॅटायटिस किंवा उंदीर मारायच्या पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसमुळे यकृत अचानक निकामी झालं, तर मेंदूला सूज येऊन काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

गैरसमज : वेड लागलं, आता माणूस हातचा गेला.

वस्तुस्थिती : सिरोसिसमधला असा झटका बहुतेक वेळा उतरतो, कारण त्यामागे काहीतरी निमित्त असतं. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी कमी झालेलं पाणी किंवा पोटॅशियम. निमित्त सापडलं आणि दूर केलं की माणूस पुन्हा घरच्यांना नावाने हाक मारतो. वारंवार झटके आले तर मात्र बुद्धीवर थोडी खूण राहू शकते.

गैरसमज : प्रथिनांतून अमोनिया होतो, तेव्हा डाळ, दूध, अंडी बंद.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान हा समज करतो. त्याला इतिहासही आहे. 1893 मध्ये रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, यकृताला वळसा देणारी शस्त्रक्रिया केलेली कुत्री मांस खाल्ल्यावर आजारी पडतात, असं नोंदवलं होतं. पुढे डॉक्टरही कित्येक दशकं रुग्णांची प्रथिनं तोडत राहिले. पण यकृत थकलं की अमोनिया पकडण्याचं बरंच काम स्नायू करतात आणि उपाशी रुग्णाचे स्नायूच आधी झडतात. आजचा सल्ला किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांचा आहे; म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. डाळी आणि दूधदुभतं अनेकांना मांसापेक्षा बरं मानवतं. रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणंही गरजेचं. निव्वळ उसाच्या रसावर ठेवण्याचं पथ्य इथे घातक ठरतं.

गैरसमज : जुलाबाचं औषध कशाला, पोट तर साफ होतंय!

वस्तुस्थिती : ते औषध, म्हणजे लॅक्टुलोज, नुसतं पोट साफ करत नाही. जंतू त्याचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनियाचं रूप बदलतं, मग तो रक्तात न शिरता शौचावाटे जातो. दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकाच डोस हवा. जुलाब लागले तर अंगातलं पाणी आटतं आणि झटका परत येतो. झटके थांबत नसतील तर डॉक्टर रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक जोडतात.

गैरसमज : रक्तातला अमोनियाचा आकडा बघितला की कळतं.

वस्तुस्थिती : सिरोसिसमध्ये आकडा आणि लक्षणं नेहमी जुळत नाहीत. आकडा नॉर्मल आला तर दुसरं कारण शोधावं लागतं, एवढा त्याचा उपयोग आहे.

आणि हे फक्त दारू पिणाऱ्यांना होतं असंही नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरमधूनही सिरोसिस होतो.

घरात असा रुग्ण असेल तर त्याची झोप उलटी झाल्याचं दिसताच डॉक्टरांना फोन करा. झोपेची गोळी मात्र स्वतःहून देऊ नका; अशा बऱ्याचशा गोळ्या त्याच ‘गाबा’चा जोर आणखी वाढवतात.