यंत्रापुढे उभा माणूस



दोहा शहरात एका शुक्रवारी संध्याकाळी मी पैसे काढायच्या यंत्रासमोर रांगेत उभा होतो. कतारमध्ये शुक्रवार म्हणजे सुट्टीचा वार. त्यातून पगार नुकताच जमा झालेला, त्यामुळे रांग बरीच लांब होती. माझ्यापुढच्या तरुणाने कार्ड आत सारले, पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि मागे वळून हिंदीत मला म्हणाला, "भाईसाब, जरा दबा दो ना." मी काही बोलायच्या आत त्याने आपला चार आकडी गुप्त क्रमांकही सांगून टाकला!

त्याच्या हिंदीच्या सुरावरून मी ओळखले आणि विचारले, "कुठला रे तू?" "सातारकडचा," तो म्हणाला आणि हसला. "मग मराठीतच बोला की काका! मी अडाणी माणूस, मला हे मशीन कळत नाही."

तो गवंडी होता. सातवीपर्यंत शिकलेला, मराठी वर्तमानपत्र सहज वाचणारा. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे तो नुसत्या नजरेने सांगत असे. अशा माणसाने स्वतःला अडाणी का म्हणावे? पडद्यावर दोनच भाषा होत्या, अरबी आणि इंग्रजी, आणि त्याला दोन्ही येत नव्हत्या.

या प्रश्नाचा अभ्यास करणारे एक शास्त्रच आहे. त्याला मानव-संगणक संवाद असे म्हणतात. नाव जड असले तरी विषय घरगुती आहे. माणूस यंत्राला काय सांगू पाहतो, यंत्र त्याला काय उत्तर देते आणि या दोहोंमध्ये कुठे खोळंबा होतो, हे त्यात पाहतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे कळले नाही तर माणूस स्वतःला दोष देतो, पण दोष बहुधा दाराचा असतो, असे त्यांचे म्हणणे. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये त्यांनी दोन दऱ्या सांगितल्या आहेत. मला पैसे हवे आहेत, पण कोणते बटण दाबू? ही पहिली दरी. बटण दाबले, पण यंत्राने काय केले? ही दुसरी. आमचा गवंडी पहिल्याच दरीच्या काठावर उभा होता.

दुसरी दरीही काही कमी खोल नाही. बटण दाबल्यावर दिवा लागला नाही, आवाज झाला नाही, तर माणूस पुन्हा दाबतो. लिफ्टपुढे आपण सगळेच हे करतो. यंत्राने ताबडतोब "ऐकले" असे कळवावे, हा या शास्त्रातला अगदी प्राथमिक धडा आहे.

तुमच्या टेलिफोनवरचे आकडे पाहा. १-२-३ वर असतात. दुकानातल्या हिशेबाच्या यंत्रावर मात्र ७-८-९ वर असतात. टेलिफोनची बटणे कशी मांडावीत यासाठी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून वापरून पाहिल्या आणि १९६० साली निष्कर्ष छापले. पैशांच्या यंत्रावर सहसा टेलिफोनचीच मांडणी असते. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचे बोट तिथे चुकले तर नवल नाही. हाताला एक सवय लागलेली असते आणि यंत्र दुसरीच मागते.

पहिल्या पहिल्या यंत्रांतून आधी पैसे येत आणि मग कार्ड. पैसे हाती पडले की काम झाले असे वाटून माणसे कार्ड तिथेच विसरून जात. "कार्ड विसरू नका" अशा पाट्या लावण्यापेक्षा क्रम उलटा करणे सोपे होते: आधी कार्ड, मग पैसे. माणसाचा स्वभाव तोच राहिला, यंत्र बदलले आणि विसरणे कमी झाले.

कतारमध्ये हे सारे अधिकच अवघड होते. तिथे राहणाऱ्या दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ बाहेरून आलेली आहेत, आणि त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा. २०१५ सालापासून कामगारांचा पगार बँकेतूनच देण्याचा नियम आला. हेतू चांगला होता. मालकाने पगार दिला की नाही याची नोंद राहते. पण त्यामुळे प्रत्येक मजुराची कमाई एका पडद्यामागे गेली.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणून पडदा अरबीत करताना नुसते शब्द बदलून भागत नाही. "मागे जा"चा बाण उलटा फिरतो आणि रकाने आरशातल्यासारखे बाजू बदलतात. संख्या मात्र तिथेही डावीकडूनच वाचायची! त्यात आपल्या माणसासाठी आणखी एक फसगत आहे. अरबी लिपीतला पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचे पन्नास आपल्याला एक शून्य आणि एक टिंब असे दिसते.

२०२० साली महामारीत तिथल्या सरकारने 'एहतेराझ' नावाचे ॲप सक्तीचे केले. घराबाहेर पडताना ते फोनवर असलेच पाहिजे, नाही तर मोठा दंड किंवा तुरुंगही. हिरवा रंग म्हणजे निरोगी, लाल म्हणजे बाधित. पिवळा आणि करडा असे आणखी दोन रंग. साधा बटणांचा फोन बाळगणाऱ्याने काय करावे? शिवाय लाल आणि हिरवा यांतला फरकच न दिसणारे पुष्कळ पुरुष जगात आहेत. रंगाच्या जोडीला शब्द किंवा आकार द्यावा, हा नियम म्हणूनच सांगितला जातो. ती सक्ती पुढे उठली. गृहखात्याच्या 'मेत्राश' सेवेत अरबी-इंग्रजीबरोबर उर्दू आणि मल्याळमही आणण्यात आल्या, हे मला फार आवडले. केरळचे लोक तिथे पुष्कळ आहेत ना!

आपल्या भाषेचेही काम झाले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनसाठी 'स्वरचक्र' हा कळफलक तयार केला. 'क'वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु उमटतात. हवे तिकडे बोट सरकवायचे. शाळेत बाराखडी घोकलेल्याला नवे काही शिकावे लागत नाही. माणसाच्या डोक्यात आधीपासून जे चित्र आहे, त्यावरच यंत्र उभे केले आहे.

असे यंत्र जमते कसे? बनवणाऱ्याने वापरणाऱ्याजवळ बसावे आणि गप्प राहावे. या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांच्या मते पाच माणसे बसवून पाहिली तरी बहुतेक मोठे दोष दिसून येतात. गप्प राहणे हेच खरे कठीण. "अहो, तिथे नाही, इथे!" हे शब्द तोंडातून निघाले की परीक्षा संपली. आजीला फोन शिकवताना हे आपल्याला एकदाही साधत नाही.

आपल्या बेटावर आलेल्या पूर्वजांपैकी पुष्कळांना करारावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. दुसऱ्याने सांगितले ते खरे मानून त्यांनी खूण केली. गवंड्याने मला गुप्त क्रमांक सांगितला तेव्हा मला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आठवला. मी त्याला क्रमांक स्वतःच दाबायला लावला आणि बाकीच्या पायऱ्या शिकवल्या. तो वाचत नव्हता, जागा लक्षात ठेवत होता: उजवीकडचे वरून दुसरे, मग डावीकडचे शेवटचे. तीन महिने त्याचे काम सुरळीत चालले.

मग बँकेने पडदा नवा केला. अधिक सुंदर, अधिक रंगीत, आणि सगळी बटणे इकडची तिकडे. त्याचा फोन आला, "काका, मशीन बदललं. दोनदा कार्ड परत आलं." मी म्हटले, "पडदा कसा दिसतो ते कागदावर काढून पाठव." त्याने पाठवले. चित्रात शब्द एकही नव्हता. आठ चौकोन होते, आणि त्यांतल्या एकावर त्याने नोटांची गड्डी काढली होती, शेजारी प्रश्नचिन्ह.