मुक्या कर्ण्याची वर्दी

जेथून जामनेरची अरुंद मापाची गाडी दीर्घकाळ सुटत असे, त्या मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील पाचोरा जंक्शनसारख्या स्थानकाच्या फलाटावर एखादा कर्णा मुका झाला, तर जुन्या व्यवस्थेत ती वार्ता बहुधा कोणा उतारूच्या तक्रारीनेच स्टेशनमास्तरांच्या कानी जावयाची. जाळ्याने जोडलेल्या आधुनिक ध्वनिव्यवस्थेत मात्र ती वर्दी कर्ण्यांची वाहिनीच दूरच्या नियंत्रण-कक्षास देते.

त्यातील तत्त्व गूढ नाही. १०० व्होल्टच्या वाहिनीवर २० वॉटचे दहा कर्णे असतील, तर अ‍ॅम्प्लिफायरला जाणवणारा एकूण रोध सुमारे ५० ओहम भरतो. त्यांपैकी एक बंद पडताच तो ५५ ओहमच्या वर चढतो, आणि तारा कोठे एकमेकींस चिकटल्या तर एकदम कोसळतो. उद्घोषणा चालू नसतानाही ही मोजणी व्हावी म्हणून २० किलोहर्ट्झच्या आसपासचा, मनुष्याच्या कानास सहसा न जाणवणारा सूक्ष्म स्वर वाहिनीतून सोडून ठेवतात. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशास सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे खानदेशच्या वैशाखात इशाऱ्याची मर्यादा थोडी सैल ठेवणेच शहाणपणाचे. नाही तर भर दुपारी खोट्या वर्द्यांचा सुकाळ व्हायचा!

ही वर्दी नियंत्रण-कक्षाकडे नेणाऱ्या जाळ्यात तांब्याच्या ईथरनेट तारेची मजल १०० मीटरांपर्यंतच असल्याने लांब फलाटांस ऑप्टिकल फायबर घालावी लागते. कर्ण्याच्या तोंडात चिमणीने काड्या भरल्या, तर त्याची खबर मात्र विद्युत्-मापनास सहसा लागत नाही. त्यासाठी फलाटावर स्वतंत्र मायक्रोफोन बसवावा, अथवा कोणास तरी शिडी देऊन पाठवावे.