गोटीची बेंबी

फोंडाघाटच्या एखाद्या जुन्या घरात फडताळ आवरताना काचेच्या गोट्या सापडल्या, तर रंगाला भुलू नका; आधी टोकं बघा. हाताने केलेली गोटी काचेच्या कांडीवरून कापलेली, म्हणून तिथे बेंबीसारखा खरखरीत व्रण राहतो. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात तापलेला गोळा खाचांमधून फिरत गोल होतो. व्रण उरत नाही. त्यांच्या गोट्यांवर अनेकदा इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी वळलेली रेघ दिसते. किती देखणी खूण! आत मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाकळी असेल, तर गोटी साधारण १९५० च्या दशकापासूनची समजावी.

सोडाबाटलीतली एकरंगी गोटी वेगळी. ती बाटलीचं बूच आहे. तिच्यासाठी जुनी बाटली फोडू नका.