पाळीव अजगरांतील अप्रभावी रंगभेद आणि जनुकीय वाणांची अनुरूपता

प्रस्तावना :
पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा 'बॉल पायथन' हा अजगर अमेरिका व युरोपमध्ये मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. त्याचा मूळ रंग काळा-तपकिरी असला तरी पैदासकारांनी त्याचे अनेक रंगभेद जोपासले आहेत. दोन पिवळसर-पांढऱ्या अजगरांचा संकर केल्यास पिल्लेही तशीच होतील, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात काही वेळा सर्वच पिल्ले मूळ रंगाची निपजतात. या विसंगतीची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

अप्रभावी गुणाचे संक्रमण :
अप्रभावी गुण दिसून येण्यासाठी माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. एकाकडूनच ते आल्यास पिल्लू मूळ रंगाचे, परंतु त्या गुणाचे वाहक असते. दोन वाहकांच्या संकरातून सरासरी एक-चतुर्थांश पिल्ले फिकी होतात. उरलेल्या मूळ रंगाच्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांश वाहक असतात. मात्र ती कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. बाजारातील '६६ टक्के हेट' ही संज्ञा हीच शक्यता दर्शविते.

समान रूप, भिन्न जनुके :
मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य अनेक टप्प्यांनी तयार होते. त्यांपैकी कोणताही टप्पा खंडित झाला तरी त्वचा फिकी पडते. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पैदासकारांकडून मिळालेल्या कातींचा अभ्यास करून २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार 'अल्बिनो' हा रंगभेद टीवायआर या जनुकाशी, तर 'लॅव्हेंडर अल्बिनो' हा ओसीए२ या जनुकाशी निगडित आहे. या दोहोंच्या संकरात प्रत्येक पालक दुसऱ्याची उणीव भरून काढतो. म्हणून सर्व पिल्ले मूळ रंगाची, परंतु दोन्ही गुणांची वाहक असतात. ही जनुके स्वतंत्रपणे संक्रमित होतात असे धरल्यास, अशा वाहकांच्या परस्पर संकरातून मूळ रंगाची व फिकी पिल्ले ९ : ७ या प्रमाणात अपेक्षित असतात. बोआ सर्पातील 'काहल' व 'शार्प' हे अल्बिनो वाणही असेच परस्परांशी अननुरूप आहेत.

याउलट, बॉल पायथनमधील 'अल्बिनो' व 'कँडी' यांच्या संकरातून फिकी पिल्लेच जन्मतात. हे दोन्ही रंगभेद एकाच जनुकाचे भिन्न विकल्प असल्याचे त्यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष :
रंगसाम्य हा जनुकसाम्याचा पुरावा नव्हे. संकराचे फलित हीच अनुरूपतेची खरी कसोटी होय. बॉल पायथनची मादी प्रजननक्षम होण्यास साधारणतः तीन वर्षे लागतात. त्यामुळे वाणाची नोंद चुकल्यास कित्येक वर्षांचे श्रम वाया जातात आणि नको असलेल्या पिल्लांच्या संगोपनाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रत्येक प्राण्यासोबत केवळ 'अल्बिनो' हे नाव न देता त्याचा वाण व मातापित्यांची नोंद देणे आवश्यक ठरते.