भुईकोटातले 'राष्ट्रपती' कोण?

नगरचा भुईकोट किल्ला पाहायला आलेला पाहुणा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "नेहरूंना इथंच ठेवलं होतं ना?" हो, इथंच. पण या एका नावाआड अकरा माणसं झाकली गेली आहेत, आणि ज्यांचं नाव आधी यायला हवं ते त्या अकरांतच आहेत.

'चले जाव'च्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष नेहरू होते, असं पुष्कळजण धरून चालतात. ते चूक आहे. १९४० च्या रामगड अधिवेशनापासून १९४६ पर्यंत अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक 'राष्ट्रपती' म्हणत. १९३७ मध्ये नेहरूंनी 'चाणक्य' या टोपणनावानं स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचं शीर्षकही 'राष्ट्रपती' असंच होतं. म्हणजे १९५० मध्ये देशाला घटनेनं राष्ट्रपती मिळाले, त्याच्या कितीतरी आधी नगरच्या तटाआड एक 'राष्ट्रपती' कैदेत होते.

गांधीजीही या किल्ल्यात होते, हा दुसरा गैरसमज. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि नेत्यांना खास गाडीनं हलवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं; कार्यकारिणीचे सदस्य तसेच पुढे नगरला आले. नेहरू आणि आझाद यांच्याबरोबर वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, पट्टाभी सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव, असे बाराजण.

'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहायला नेहरूंना सगळा तुरुंगवास लागला, असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते लेखन एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांतलं. आणि हा ग्रंथ एकांतात सुचलेला नाही. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण नेहरूंनी प्रस्तावनेत नावानिशी मान्य केलं आहे, आणि ग्रंथ अर्पण केला आहे तो किल्ल्यातल्या सहबंद्यांना.

आता सर्वांत बोचणारा गैरसमज: बड्या नेत्यांची ती आरामाची कैद होती. नेहरू बागकाम करत, आझाद स्वतःच्या हातानं चहा करून पीत, हे खरं. पण सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना पत्रं. नेत्यांना कुठं ठेवलंय हेही सरकारनं जाहीर केलं नव्हतं. कलकत्त्यात आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी पडल्या. सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पोचवतो, असं तुरुंगाच्या अधीक्षकानं सुचवलं. आझादांनी सरकारपुढं पदर पसरायला नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते ठाऊक नव्हतं. त्या बातमीनंतर तिच्याकडं पाहताना नवं नातं जडल्यासारखं वाटलं, असं आझादांनी लिहून ठेवलं आहे.

ते लिहिलं 'गुबार-ए-खातिर'मध्ये. ही उर्दू पत्रं त्यांनी मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिली आणि त्यांतली बरीचशी याच किल्ल्यातली आहेत. चहाची आवड, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, पत्नीचा मृत्यू, सारं त्यांत आहे. किल्ल्यातून ती टपालात मात्र पडलीच नाहीत. १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, त्याच वर्षी नेहरूंचा ग्रंथही आला. उर्दू गद्यात या पुस्तकाला मानाचं स्थान आहे. ते ज्या गावात जन्मलं त्या गावात किती थोड्या जणांनी त्याचं नाव ऐकलं असेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२८ मार्च १९४५ ला नेहरूंना नगरहून हलवलं. आझाद बंगालमध्ये बांकुऱ्याला गेले आणि जूनमध्ये सुटले. पुढं ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि १९५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. ११ नोव्हेंबर, त्यांची जयंती, हा राष्ट्रीय शिक्षण दिन. नगरमधल्या शिक्षकांना एवढीच विनंती, त्या दिवशी मुलांना भुईकोटात न्या आणि बाराही नावं सांगा. सुरुवात मौलाना आझादांपासून करा.