रोजकीर्दीत एक ओळ जास्त लिहा



सकाळी पहिलं गिऱ्हाईक येतं, पहिले पैसे हातात पडतात आणि हात आपोआप कपाळाकडे जातो. भवानी झाली! वीस रुपयांची असो की दोन हजारांची, त्या क्षणी बरं वाटतंच. (आता साउंडबॉक्स बोलतो आणि आपण मान वर करून बघतही नाही, ती गोष्ट वेगळी.) पण रात्री शटर ओढताना ती भवानी किती जणांना आठवते?

तेव्हा डोक्यात असतं ते राहिलेलं. अमक्याची उधारी आली नाही, माल संपला, जीएसटी भरायची २० तारीख जवळ आली. हेच गाठोडं घेऊन आपण घरी जातो. मग बायको, नवरा, मुलं यांच्या वाट्याला आपल्या दिवसातला फक्त तोटा येतो. रोज तोटाच ऐकणारं घर धंद्याला किती दिवस साथ देणार?

असं का होतं ते समजून घ्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ लोकांकडून रोज संध्याकाळी छोटी डायरी लिहून घेतली. जवळजवळ १२,००० नोंदी जमल्या. लोकांचे सगळ्यात चांगले गेलेले दिवस तपासले, तर त्यातल्या ७६ टक्के दिवशी काम थोडंसं तरी पुढे सरकलेलं होतं. बक्षीस नाही, बढती नाही, नुसतं काम पुढे सरकलं! २०११ साली हे पुस्तकरूपाने आलं.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे, कामाच्या दृष्टीने किरकोळ असलेल्या घटनांपैकी २८ टक्के घटनांचा माणसाच्या मनावर मात्र मोठा परिणाम झाला होता. म्हणजे छोटी गोष्ट मनाला छोटी वाटतेच असं नाही. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. काम पुढे गेल्याचा आनंद जेवढा होतो, त्यापेक्षा काम अडल्याचा त्रास जास्त जोरात लागतो. दिवसभरात चाळीस गिऱ्हाइकं नीट गेली आणि रात्री आठ वाजता एकाने माल परत आणून हुज्जत घातली, तर घरी कोण येतो? तो एकटाच!

म्हणून आनंद आपोआप लक्षात राहील या भरवशावर बसू नका. धंद्यात आपण पैसा लक्षात ठेवतो का? नाही, लिहितो. रोजकीर्दीत जमा असते, नावे असते. त्याच पानाच्या तळाशी रोज एक ओळ लिहा, आज काय पुढे सरकलं. ‘चांगला दिवस गेला’ असं मोघम नको. ‘जुना अडकलेला स्टॉक, तीन साड्या गेल्या.’ ‘मुलाने पहिल्यांदा एकट्याने बिल बनवलं.’ ‘अडलेली ऑर्डर पाठवली.’ नाव, वस्तू, आकडा आला पाहिजे. भिंतीवर सकारात्मक विचारांचे पोस्टर लावण्यापेक्षा ही ओळ मला जास्त कामाची वाटते, कारण ती तुमच्याच दुकानात घडलेली असते.

एक स्पष्ट सांगतो, याने उधारी वसूल होणार नाही. मार्जिन कमी पडत असेल तर खरेदीच बघावी लागेल.

हाताखाली माणसं असतील तर हेच त्यांनाही लागू आहे. अमाबिले यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारलं, माणसाला काम करायला सगळ्यात जास्त हुरूप कशाने येतो? ‘काम पुढे सरकण्याने’ हे उत्तर पहिल्या क्रमांकावर फक्त ३५ जणांनी ठेवलं. मालकांच्या हे लक्षातच येत नाही. पोऱ्याने गोडाऊन लावलं तर संध्याकाळी एकदा आत जाऊन बघा. ‘आता डाळीचं पोतं लगेच सापडतं रे’, एवढं म्हटलं तरी त्याला कळतं की मालकाने पाहिलं.

घरी काय करायचं? ‘दिवस कसा गेला?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं, ‘नेहमीसारखा.’ त्याऐवजी जेवताना विचारा, ‘आज तुझं काय पुढे गेलं?’ मुलगी सांगेल सतराचा पाढा न अडता म्हटला. आई सांगेल कढीपत्त्याला नवी पालवी आली. मग तुमची ती तळाची ओळ वाचून दाखवा. उधारीचा विषय हात धुतल्यावर काढा.